लेकराच्या रक्ताचा कागद वाचायला शिका!

द्राक्षाचा हंगाम आला की सुरगाणा, पेठ, कळवण भागातली आदिवासी कुटुंबे दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत मजुरीला उतरतात. बागेच्या कडेला ताडपत्रीचे खोपटे, तीन दगडांची चूल आणि लेकरेबाळे सोबत. अशाच एका बापाने आमच्यापुढे एक प्लॅस्टिकची पिशवी रिकामी केली. म्हणाला, "भाऊ, यात काय लिवलंय तेवढं सांगा. डॉक्टर वाचतात, मान हलवतात आणि गोळ्या देतात. पोरगं काही उभं राहत नाही."

पोरगा चार वर्षांचा. पिशवीत नऊ कागद. पाच कागदांवर एकच मजकूर, हिमोग्लोबिन कमी. आणि खाली लोहाचे टॉनिक. दोन कागद तापाचे. एक सलाईनच्या बिलाचा. नववा कागद अंगणवाडीत झालेल्या तपासणीतला, तळहाताएवढा चिटोरा. त्यावर लिहिले होते: सिकलसेल सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, पुढील तपासणी करावी. तारीख दीड वर्षापूर्वीची! दीड वर्षे तो चिटोरा घडी घालून पिशवीत पडला होता. पुढील तपासणी म्हणजे काय, ती कोठे होते, कोणाची करायची, हे त्या मायबापांना कोणीही सांगितले नव्हते. एवढे मात्र सासूने ठरवून टाकले होते की हा रोग सुनेच्या माहेरून आला. ती आई बाजूला बसून मुलाच्या सुजलेल्या हाताला चोळत होती.

आम्हांला त्या वेळी लाज वाटली ती आमची स्वतःची. या चळवळीने आम्हांला कागद वाचायला शिकवले. सातबारा वाचायला शिकवला, जातीचा दाखला काढायला शिकवला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आणि पोलीस ठाण्यात फिर्याद कोणत्या कलमाखाली नोंदवली हे तपासायला शिकवले. पण लेकराच्या रक्ताचा कागद हातात आला की आजही आम्ही तो न उघडता डॉक्टरच्या टेबलावर ठेवतो आणि हात जोडून उभे राहतो. हा कागदही वाचलाच पाहिजे. त्यासाठी डॉक्टर होण्याची गरज नाही. आजचा हा लेख त्यासाठीच आहे.

विळ्याच्या आकाराची पेशी

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यांच्यातले हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवते. सिकलसेलच्या आजारात या हिमोग्लोबिनच्या साखळीत केवळ एका जागी बदल झालेला असतो. प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी आटले, ताप आला किंवा थंडी बाधली की या पेशी ताठ होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जेथे अडकतात तेथे असह्य कळा येतात. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असते. म्हणजे हा आजार करणीचा नाही, बाहेरच्या बाधेचा नाही आणि मागच्या जन्मीच्या पापाचा तर मुळीच नाही. तो आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून मिळालेल्या जनुकांचा आहे. भगताकडे कोंबडे कापून तो जात नाही.

हा आजार कोणत्या जातीचा?

हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. कारण या आजाराला जातीचे लेबल चिकटवण्याचा उद्योग फार जुना आहे. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो प्रथम आढळला. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या नोंदी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. पुढे विदर्भात पूर्वाश्रमीच्या महार समाजात, कुणबी आणि तेली समाजांत आणि आदिवासींमध्ये तो मोठ्या प्रमाणावर दिसून आला. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मांडणीप्रमाणे आदिवासींमध्ये वाहकांचे सरासरी प्रमाण शेकडा १० च्या आसपास आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही समाजांत ते शेकडा २० ते ३५ पर्यंत जाते. डॉ. काटे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. त्याआधी २०१८ साली नागपूरचे संपत रामटेके यांना पद्मश्री जाहीर झाली. ते डॉक्टर नव्हते. सिकलसेलग्रस्तांना संघटित करून त्यांचा प्रश्न सरकारदरबारी लावून धरणारे ते कार्यकर्ते होते. आमच्या वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

पण हा आजार केवळ याच लोकांचा आहे का? नाही! तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीस आणि इटलीतल्या गोऱ्या लोकांतही आहे. जेथे पिढ्यान्पिढ्या हिवतापाचे थैमान होते तेथे हे जनुक टिकून राहिले. कारण ज्याच्यात हे जनुक एकच असते, त्याचे जीवघेण्या हिवतापापासून बऱ्याच अंशी रक्षण होते. म्हणजे जे जनुक आज दुखणे देते त्यानेच एकेकाळी आपल्या पूर्वजांची लेकरे जगवली. त्यात कलंक कसला?

मग ते ठरावीक समाजांत साचून का राहिले? याचे उत्तर बाबासाहेबांच्या निबंधाच्या उजेडात शोधता येते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात त्यांनी सांगितले की जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. भिंत घालून लग्ने त्याच वाड्यात लावली की त्या वाड्यातले जनुकही त्याच वाड्यात फिरत राहते. हिशेब सोपा आहे. ज्या समाजात शंभरात १० वाहक आहेत तेथे शंभर जोडप्यांपैकी साधारण एका जोडप्यात दोघेही वाहक निघतील. जेथे शंभरात ३० वाहक आहेत तेथे अशी नऊ जोडपी निघतील. आजार जातीने जन्माला घातला नाही. पण जातीच्या भिंतीने तो एका जागी साठवला. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाहाचा आग्रह धरला तो समतेसाठी. त्याच मार्गाने हा साठाही विरळ होतो, हे आज विज्ञान सांगते.

'रक्त कमी' हे निदान नव्हे

आता त्या पिशवीतल्या कागदांकडे वळू. पाच कागदांवर हिमोग्लोबिन कमी असल्याचे लिहिले होते. ते खोटे नव्हते. पण त्या मुलाच्या दुखण्याचे कारण त्यात नव्हते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ६८.९ मुलांचे रक्त कमी आहे. म्हणजे अंगणवाडीच्या ओळीतली दहापैकी सात मुले! त्यातली बहुतेक पोटाला पुरेसे आणि चांगले न मिळाल्यामुळे, लोह कमी पडल्यामुळे, जंतांमुळे अशक्त आहेत. त्या गर्दीत सिकलसेलचे मूल लपून जाते. सगळ्यांना एकच बाटली मिळते. इतर मुले थोडीफार सुधारतात आणि ते एक मूल मात्र पुन्हा पुन्हा पडते.

या वयात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्त कमी म्हणतात. आईबापांनी एवढे ध्यानात धरावे की हिमोग्लोबिनचा आकडा ही खबर आहे, कारण नव्हे. दोन-तीन महिने लोहाचे औषध नियमित घेऊनही आकडा वाढत नसेल; डोळे पिवळे दिसत असतील; हातापायांचे पंजे किंवा बोटे सुजून मूल कळवळत असेल; वारंवार ताप येत असेल; पोटात डाव्या बरगडीखाली गाठ लागत असेल; घरात भावाबहिणीला असेच काही असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "सिकलसेलची आणि थॅलेसेमियाची तपासणी केली का?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही. तो आपला हक्क आहे. आणि लोहाची खरोखर कमतरता आहे हे तपासल्याशिवाय सिकलसेलच्या मुलाला वर्षानुवर्षे लोह पाजत राहणे बरे नव्हे. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात तर लोह जास्तीचे साठून इजा होऊ शकते.

पहिली तपासणी आणि दुसरी तपासणी

पहिली तपासणी म्हणजे सोल्युबिलिटी. बोटातून थेंबभर रक्त घेऊन एका द्रावणात टाकतात. नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. द्रावण स्वच्छ राहून रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. गावात, शाळेत, अंगणवाडीत ही तपासणी झटपट होते, स्वस्त आहे, म्हणून पहिली तीच करतात.

पण तिच्या मर्यादा कोणी सांगत नाही! एक, पॉझिटिव्ह आले म्हणजे मूल रोगीच आहे असे नाही. ते नुसते वाहकही असू शकते. रोगी आणि वाहक यांतला फरक या तपासणीला कळत नाही. दोन, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची ही तपासणी भरवशाची नाही. बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन अजून भरपूर असते आणि त्यामागे आजार झाकला जातो. तीन, नुकतेच रक्त चढवले असेल तर तपासणीत रक्तदात्याचेही रक्त मोजले जाते. अशा वेळी साधारण तीन महिने थांबून तपासणी करावी, किंवा आईबापांचे रक्त तपासून अंदाज घ्यावा. रक्त कधी चढवले हे तपासणाऱ्याला आठवणीने सांगा.

म्हणून दुसरी तपासणी हवीच. तिचे नाव कागदावर 'एचपीएलसी' किंवा 'हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस' असे असते. यात रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करतात आणि एचपीएलसीमध्ये ते शेकड्यात मोजूनही देतात. या कागदावर चार नावे शोधा: ए, ए-टू, एफ आणि एस. 'ए' हे मोठ्या माणसाचे नेहमीचे हिमोग्लोबिन, 'एफ' गर्भातले, आणि 'एस' म्हणजे सिकलचे.

'एस' नाहीच आणि बाकी सारे प्रमाणात आहे, तर मूल सिकलच्या दृष्टीने निर्धोक. 'ए' जास्त आणि 'एस' त्याहून कमी, साधारण शेकडा २५ ते ४० असेल, तर मूल वाहक आहे. याला 'एएस' म्हणतात. वाहक हा रोगी नव्हे. त्याला या कारणासाठी औषध लागत नाही. तो शिकेल, खेळेल, नोकरी करेल. 'ए' जवळपास नाहीच, 'एस' सर्वांत जास्त आणि सोबत थोडेफार 'एफ' असेल, तर तो 'एसएस', म्हणजे आजार. कधी 'एस'बरोबर 'ए-टू' वाढलेले असते. तेव्हा एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमिया असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी आईबापांच्या रक्ताशिवाय उलगडा होत नाही. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन केलेल्या तपासणीत 'एफएएस' लिहिले असेल तर बाळ बहुधा वाहक. 'एफएस' लिहिले असेल तर आजाराची दाट शंका, पुन्हा तपासणी करून खात्री केलीच पाहिजे.

एवढे वाचता आले की पुरे. अंतिम अर्थ डॉक्टरच सांगतील. पण कागदावर 'एस' आहे की नाही, हे ओळखणारा बाप आणि न ओळखणारा बाप यांच्यात दीड वर्षाचे अंतर पडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

बापानेही बोट पुढे करावे

आजारी मुलाला एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून मिळते. एकट्या आईमुळे हा आजार होऊच शकत नाही. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक पूर्ण निर्धोक मुलाची असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन चांगलीच होतील, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने मांडला जातो.

असे असूनही आमच्या वस्त्यांत काय घडते? गरोदर बाईची तपासणी होते, ती वाहक निघते आणि नवऱ्याला बोलावले की तो कामाचे निमित्त सांगतो. "आमच्या घराण्यात असले काही नाही" हे वाक्य आदिवासी पाड्यावर ऐकू येते तसे बौद्ध वस्तीतही ऐकू येते. बाईला दोष, बाईला टाकून देण्याची धमकी, दुसऱ्या लग्नाची भाषा! ज्या बाबासाहेबांनी स्त्रियांच्या हक्कासाठी हिंदू कोड बिलावरून मंत्रिपद सोडले, त्यांचे नाव घेणाऱ्या पुरुषाला सुईच्या एका टोचणीचे भय वाटावे? आई वाहक निघाली की त्याच आठवड्यात बापाची तपासणी झाली पाहिजे. गर्भ राहिल्यावर सुरुवातीच्या महिन्यांतच दोघांचे निकाल हाती आले तर गर्भाच्या तपासणीचाही मार्ग खुला असतो. त्याबद्दल काय ठरवायचे ते त्या दोघांनी ठरवावे. मात्र ते माहितीच्या आधारे ठरवावे.

कागद हाती आल्यावर

'एसएस' असे लिहून आले म्हणजे सारे संपले, असे समजू नये. नियमित उपचाराने ही मुले मोठी होतात, शिकतात, संसार करतात.

पहिली गोष्ट ताप. या मुलाला १०१ च्या वर ताप आला की घरी वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. या मुलांची पाणथरी लवकर निकामी होते आणि साधे वाटणारे जंतूही जीव घेऊ शकतात. म्हणून सर्व लसी वेळेवर, आणि न्यूमोनियाची न्यूमोकोकल लस, जी आता सरकारी लसीकरणात मोफत आहे, ती चुकवू नका. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिनचे औषध रोज देण्याबाबत डॉक्टरांना विचारा. दुसरी गोष्ट पाणथरी. आईने पोटावर हात ठेवून डाव्या बरगडीखाली ती लागते का, हे आरोग्यसेविकेकडून शिकून घ्यावे. मूल एकाएकी पांढरेफटक पडले आणि पोट डावीकडे फुगले तर तो तातडीचा प्रसंग आहे. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, छातीत दुखून धाप लागली, तरीही तसेच.

तिसरी गोष्ट पाणी आणि थंडी. निफाडचा पारा राज्यात अनेकदा सर्वांत खाली उतरतो, ही बातमी दर हिवाळ्यात आपण गंमत म्हणून वाचतो. त्याच थंडीत, त्याच निफाडच्या बागेत ताडपत्रीखाली झोपणाऱ्या सिकलसेलच्या मुलाला त्या पाऱ्याचा अर्थ वेगळा कळतो! पहाटे गारठा आणि दुपारी उन्हात बापाबरोबर बागेत, प्यायला पाणी कमी; कळा सुरू व्हायला एवढे पुरते. मुलाला उबदार ठेवणे आणि दिवसभर पाणी पाजत राहणे हे बिनपैशाचे औषध आहे. पण उबदार खोली आणि पिण्याचे पाणी हे बागाईतदाराने मजुराला द्यायला हवे, आणि ते मागणे हे आपल्या संघटनांचे काम आहे.

चौथी गोष्ट औषधे. फॉलिक अॅसिड असतेच. पण वारंवार कळा येणाऱ्या मुलांसाठी हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासून घ्यायचे असते. त्याने कळा कमी होतात, रक्त चढवण्याची वेळही कमी येते. ते सुरू करता येईल का, हे जरूर विचारा.

आणि हक्काची गोष्ट. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे त्यांत सिकलसेलचा आजार आहे. 'एसएस' रुग्णाने प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा आणि एसटी प्रवासाच्या सवलतीची चौकशी करावी. मागितल्याशिवाय आपल्याला येथे काय मिळाले आहे?

पँथरचे नाव घेतले, टेबल राहून गेले

१९७२ साली मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीवरून आपण ते नाव घेतले, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. पण त्याच ब्लॅक पँथरने १९७१ पासून कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत सिकलसेलच्या तपासणीची टेबले मांडली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? सरकार या आजाराकडे पाहत नाही, कारण तो काळ्यांचा आजार आहे, असा त्यांचा आरोप होता. त्यांनी आरोपावर न थांबता रक्त तपासायला सुरुवात केली. १९७२ च्या मे महिन्यात अमेरिकेत सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. आपण त्यांची डरकाळी उचलली. त्यांचे टेबल मात्र तेथेच राहिले.

त्याच अमेरिकेत पुढे जे घडले तोही धडा आहे. घाईघाईने तपासण्या झाल्या, पण लोकांना समजावून कोणी सांगितले नाही. वाहक आणि रोगी यांत गल्लत झाली. निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. अमेरिकी हवाई दलाच्या प्रबोधिनीने १९८१ पर्यंत वाहकांना दार बंद ठेवले होते. तपासणी झाली आणि समजावणी झाली नाही, तर तपासणीच नवी अस्पृश्यता निर्माण करते!

आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. कार्डे वाटली जात आहेत. आम्ही या अभियानाचे स्वागतच करतो. पण हे कार्ड लग्नाच्या बाजारात मुलीला नाकारण्याचे हत्यार होता कामा नये. दोन वाहकांनी लग्नाआधी सल्ला घ्यावा, हे योग्य. वाहक मुलीशी कोणीच लग्न करू नये, हे अज्ञान आहे. वाहक आणि निर्धोक यांच्या पोटी या आजाराचे मूल जन्माला येत नाही.

नाशिकवर जबाबदारी अधिक

राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे. राज्यभरच्या डॉक्टरांच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे. आणि त्यांच्यापासून काही तासांच्या अंतरावरच्या पाड्यातला बाप दीड वर्षे एक चिटोरा पिशवीत घेऊन हिंडतो! हा विरोधाभास कोणाला टोचणार की नाही?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पहिल्या तपासणीत पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक मुलाचा दुसऱ्या तपासणीचा निकाल ठरावीक मुदतीत घरपोच मिळावा. तो मराठीत असावा आणि त्यावर 'निर्धोक', 'वाहक' किंवा 'आजार' असे स्पष्ट लिहिलेले असावे. आईबरोबर बापाची तपासणी व्हावी. हंगामात मजूर जेथे जातात तेथे, म्हणजे दिंडोरी-निफाडच्या बागांवर, औषध पोचावे. कोणाचाही निकाल चारचौघांत वाचून दाखवू नये.

आणि एक मागणी आमच्या स्वतःकडे. ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० पासून दादासाहेब गायकवाडांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालवला, त्या नाशिकमध्ये १४ एप्रिलला किती रुपयांचे डीजे वाजतात याचा हिशेब एकदा मांडावा. त्यातल्या एका डीजेच्या खर्चात वस्तीत तपासणीचे एक टेबल उभे राहील. शासकीय आरोग्य यंत्रणेला सोबत घ्या, समजावून सांगणारा माणूस आधी बसवा, रक्त नंतर घ्या. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत, नाशिकरोडच्या विहारांत विदर्भातून आलेली आपली कुटुंबे आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करा. आणि मग सुरगाण्याच्या पाड्यावर जा. तो बाप आपल्या जातीचा नाही, म्हणून तो आपल्या चळवळीचा नाही असे नव्हे. बुद्धाचा धम्म 'एहिपस्सिको' आहे, या आणि स्वतः पाहा, असे सांगणारा. रक्ताच्या बाबतीतही ऐकीव बोलण्यावर विसंबू नका; तपासा आणि पाहा.

बाबासाहेब आणि रमाई यांनी पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गमावली. औषधपाण्याला पैसा नसलेल्या घरात मूल जाते म्हणजे काय, हे आमच्या उद्धारकर्त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांच्या लेकरांच्या वेळी आजचे उपचार नव्हते. आज ते आहेत, मोफत आहेत, आणि तरीही पिशवीत चिटोरा पडून राहतो. हे आम्हांला मान्य नाही.

त्या मुलाची दुसरी तपासणी झाली. निकाल 'एसएस'. आईचा निकाल 'एएस', बापाचाही 'एएस'. तिन्ही कागद आम्ही त्याच्यासमोर ठेवले आणि 'एस' कोठे लिहिले आहे ते त्याच्या बोटाने दाखवायला लावले. तो बराच वेळ बोलला नाही. मग बायकोकडे पाहून म्हणाला, "घरी जाऊन आईला मी सांगतो. हे दोघांचं हाय, तुझ्या एकटीचं नाही." औषध सुरू झाले आहे. मुलगा सगळा बरा झालेला नाही, पण आता ताप आला की तो बाप कोणत्या दाराशी जायचे आणि कोणता कागद पुढे करायचा हे जाणतो.

वाचकांनो, आज घरी गेल्यावर लेकरांचे जुने कागद बाहेर काढा आणि वाचा. जयभीम!